गोटूचं स्थळ

गोटूने हरभऱ्याच्या पाल्याकडे पाठ फिरवली तेव्हा वसंतरावांना ऑफिसला जायला आधीच उशीर झाला होता. तरी ते धोतर सावरून पडवीत उकिडवे बसले आणि पाल्याची एक काडी त्याच्या नाकासमोर हलवू लागले. गोटूने काडीचा वास घेतला, विचार केल्यासारखं केलं आणि टोपलीच्या कोपऱ्यात तोंड घालून बसला.

“कालपासून असंच करून राहिला, नाना,” शारदा म्हणाली. “गाजर नको, लसूणघास नको. दूर्वा आणल्या, त्याही तशाच पडून आहेत.”

“दूर्वा कायले आणल्या? तो काय गणपती आहे?” आतून मनकर्णाबाई म्हणाल्या.

बुधवारा पेठेतल्या शेजाऱ्यांच्या मते गोटू विलायती उंदीर होता. मनकर्णाबाईंच्या मते तो बिनशेपटीचा ससा होता, आणि ज्या साहेबाच्या बंगल्यातून तो आला त्या साहेबाच्या मते गिनीपिग होता. वसंतराव कापसाच्या प्रेसमध्ये हेडक्लार्क. प्रेसचा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान माणसांना वाटून टाकलं. कुणाला आरामखुर्ची मिळाली, कुणाला शिकारी बूट मिळाले, आणि वसंतरावांची प्रामाणिक नोकरी लक्षात घेऊन साहेबाने त्यांच्या हातात ही टोपली ठेवली. मडमेने बजावून सांगितलं होतं की ह्याच्या सोबतचा गेल्या महिन्यात मेला, हे प्राणी एकटे राहत नाहीत, दुसरा बघा. वसंतरावांनी मान हलवली. साहेबाच्या बंगल्यात ते प्रत्येक वाक्याला मान हलवत, त्यामुळे ही गोष्ट घरी एकदा सांगितली आणि विसरले.

गोल होता म्हणून शारदेने त्याचं नाव गोटू ठेवलं, आणि नाव गोटू होतं म्हणून तो मुलगा. ह्यापेक्षा जास्त चौकशी घरात कुणी केली नव्हती.

ह्या गोटूवर वसंतरावांचा जीव कसा जडला हे ते कुणाला सांगू शकले नसते. खरं तर जीव गोटूवर नव्हता, शारदेवर होता. पोरगी लग्नाची झालेली. खंडव्याहून, रावेरहून, थेट अकोल्याहून माणसं आली, पोहे खाऊन गेली आणि मागाहून मुलगी जरा उंच आहे एवढं कळवती झाली. शेवटचे बघून गेल्यापासून शारदेने घरात कामापुरतं बोलायचं ठेवलं होतं. तिचं हसणं ऐकू यायचं ते फक्त पडवीतून, टोपलीपाशी. त्या टोपलीतला जीव गेला तर घरात काय उरेल, ह्या विचाराने वसंतराव त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाहीत.

“एकटा पडला आहे तो,” मनकर्णाबाई हात पुसत बाहेर आल्या. “मडम सांगत होती असं तुमीच म्हणाले होते ना? लग्न करून टाका त्याचं.”

लग्नाचा विषय निघाला की पंडितभाऊंना बोलवावं लागत नसे. चौकात त्यांचं कापडाचं दुकान होतं, पण गल्ला मुलगा सांभाळायचा आणि पंडितभाऊ गावभर लग्नं जमवत फिरायचे. शारदेची सगळी स्थळं त्यांनीच आणली होती. ते पडवीत टेकले, गोटूकडे बघितलं, आणि व्यवसायाला शोभेल अशा गंभीरपणे म्हणाले, “इतवाऱ्यात एक आहे.”

“कोणाकडे?”

“रंभाबाईंकडे. कापूसवाल्यांच्या. शेठ होते तेव्हा ह्याच साहेबाने त्यांना एक दिलं होतं. शेठ गेले, ते अजून आहे. तेही एकटंच.”

“पण एकाच बंगल्यातले म्हणजे सगोत्र झाले ना,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

वसंतराव आणि पंडितभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी वसंतरावांनी निकाल दिला, “त्यांच्याकडे चालतं. विलायतेत मामेबहीण, चुलतबहीण काही बघत नाहीत.”

“मग मी विचारून येतो,” पंडितभाऊ उठले. जोडे घालता घालता त्यांनी सवयीने विचारलं, “आपण मुलाकडचे ना?”

“हो. मुलाकडचे,” वसंतराव म्हणाले.

हा शब्द तोंडातून निघाला आणि त्यांना काहीतरी झालं. ते पडवीच्या खांबाला टेकून ताठ बसले. मुलाकडचे. उभ्या जन्मात त्यांना हे म्हणायला मिळालं नव्हतं. दुसऱ्यांच्या ओसरीवर सतरंजीच्या कडेला बसायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, निघताना पाठ दाखवायची नाही आणि उत्तराची वाट बघायची, हा त्यांचा गेल्या काही वर्षांचा उद्योग. आणि आता अचानक, एक विलायती उंदीर घरात आला म्हणून, ते मुलाचे वडील झाले होते.

“पंडितभाऊ,” त्यांनी मागून हाक मारली. आवाजही जरा जाड झाला होता. “त्यांना म्हणावं, घेऊन या. आम्ही बघू आणि मग ठरवू.”

संध्याकाळी पंडितभाऊ परत आले ते पगडीने वारा घेत. “रंभाबाई म्हणतात, आमचा राजा मुलगा आहे. मुलीकडच्यांनी यावं.”

“कोण मुलीकडचे?”

“आपण.”

“त्यांचा मुलगा कशावरून?”

“मिशा आहेत म्हणाल्या.”

“मिशा आमच्या गोटूलाही आहेत.”

“मी तेच म्हटलं. तर म्हणाल्या, त्याच्या पातळ असतील.”

वसंतराव संतापले. रंभाबाईंना सगळं गाव ओळखून होतं. चार मुलगे, चार सुना, आणि चारही लग्नांत वरमाय म्हणून त्यांनी मुलीकडच्यांना असं काही नाचवलं होतं की त्या आठवणीने अजून काही घरांत लोकांचे आवाज खाली येत. त्यांच्या घरात मुलगी म्हणून काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नसेल. दारी आलेल्या कुत्रीचं नावही त्यांनी मोती ठेवलं असतं. वसंतरावांची खात्री पटली की राजा ही मादीच आहे, आणि रंभाबाईंचीही गोटूबद्दल तितकीच खात्री होती. पडताळून बघायची गोष्ट निघालीच नाही असं नाही. शारदेने गोटूला उलटं करून पाहिलं होतं. सगळीकडे नुसते केसच दिसले.

दोन्ही बाजू अडून बसल्यावर पंडितभाऊंनी आपल्या धंद्यातली युक्ती काढली. त्या काळी दोन्ही रिवाज चालत. कधी मुलाकडचे मुलगी बघायला तिच्या घरी जात, तर कधी मुलीचा बापच मुलाच्या दारी जाऊन शब्द टाकी. पंडितभाऊंनी वसंतरावांना सांगितलं की मुलाचे वडील म्हणून मुलगी बघून या. आणि रंभाबाईंना सांगितलं की मुलीचे वडील शब्द टाकायला येत आहेत. दोघंही खूश झाली.

दुसऱ्या दिवशी वसंतराव इतवाऱ्यात गेले ते काळा कोट, जरीकाठी उपरणं आणि काठी घेऊन. बैठकीत शिरल्यावर नेहमीच्या सवयीने ते सतरंजीच्या कडेला वाकले, पण वेळीच आठवण झाली. मग सरळ जाऊन लोडाला टेकून बसले. झोपाळ्यावर बसलेल्या रंभाबाईंच्या भुवया वर गेल्या. मुलीचा बाप लोडाला टेकलेला त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

“उन्हाचे आले तुमी,” त्या म्हणाल्या. “पाणी घ्या. विमल, दराबा आण.”

धाकटी सून विमल रव्या-तुपाच्या गोड दराब्याच्या वाट्या ठेवून दाराशी उभी राहिली. वसंतरावांनी वाटीतला एकच घास घेतला आणि वाटी बाजूला सारली. मुलाकडचे असंच करतात.

“स्वभाव कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“कोणाचा?”

“तुमच्याकडचा.”

“आमच्याकडचा चांगलाच आहे. तुमच्याकडचं सांगा. चावरं तर नाही ना? नंतर ऐकून घ्यायची सवय नाही मले.”

“आमच्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नाही,” वसंतराव म्हणाले. “बघून घ्यावं म्हणतो.”

विमलने लाकडी खोकं आणून मधोमध ठेवलं. आत राजा होता, पांढरा आणि तांबूस, तोंडात गवताची काडी. वसंतरावांनी काठीवर हात ठेवून त्याच्याकडे सावकाश बघितलं. मग म्हणाले, “जरा चालवून दाखवता का?”

गेल्या खेपेला शारदेला असंच अंगणात चालवलं होतं. ते आठवून खरं तर वसंतरावांना लाज वाटायला हवी होती. पण त्या घटकेला वाटलं ते सुख, आणि तेही बऱ्यापैकी. विमलने राजाला फरशीवर सोडलं. तो दोन पावलं चालला आणि वसंतरावांचं उपरणं चघळायला लागला.

“जरा बुटकं आहे,” वसंतराव म्हणाले.

झोपाळा थांबला. रंभाबाईंच्या घरातल्या कुणाला बुटकं म्हणायची हिंमत आजवर झाली नव्हती. तरी त्यांनी राग गिळला, कारण राग मुलीकडच्यांवर काढायचा असतो आणि तो निवांत काढायचा असतो.

“असं आहे, वसंतराव,” त्या म्हणाल्या, “घरात विचार करून मी कळवते.”

“अहो, मीही तेच म्हणतो,” वसंतराव उठले. “विचार करून कळवतो.”

दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. पंडितभाऊ मधे उभे राहून कधी इकडे कधी तिकडे हसत होते.

वसंतराव घरी आले ते काठी फिरवत. शारदा टोपलीपाशी बसली होती. तिच्या तळहातावर कोथिंबिरीच्या काड्या तशाच होत्या.

“मग? कधी आणायचं?” तिने विचारलं.

“कळवतो म्हणून आलो आहे.”

“कोणाला कळवायचं, नाना? आपल्यालाच तर पाहिजे आहे.”

“असं लगेच हो म्हणून चालत नाही, बेटा. दोन दिवस थांबवावं लागतं. तेव्हा कुठे समोरच्याला आपली किंमत कळते.”

शारदेने कोथिंबीर टोपलीत ठेवली. “आज तो पाणीही नाही प्याला,” ती म्हणाली, आणि जरा वेळाने, दुसरीकडे बघत, “म्हणून थांबवतात का ते लोक आपल्याला? किंमत कळावी म्हणून?”

वसंतरावांनी काठी कोपऱ्यात ठेवली, कोट उतरवला, आणि बराच वेळ तो खुंटीला लावायचा सोडून हातातच धरून उभे राहिले. पोरीने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बापाला आता दोन्हीकडचं माहीत आहे असं तिला वाटलं असावं. त्यांना स्वतःचा असा राग आला की जेवणावर वासना राहिली नाही, आणि त्या संध्याकाळी घरात न जेवणारे दोघं झाले.

सकाळी गोटूने मान उचलली नाही. वसंतरावांनी टोपली उचलली, काठी आणि उपरणं घरीच ठेवलं, आणि ढोरांच्या दवाखान्याची वाट धरली. तिथे एक लंगडा बैल आणि एक दूध आटलेली म्हैस यांच्यामध्ये त्यांचा नंबर लागला. बैलवाल्याने टोपलीत डोकावून, “काय झालं पोराला?” असं आपुलकीने विचारलं. वसंतरावांनी झाकण अलगद ओढून घेतलं.

यादव डॉक्टरांनी गोटूला तळहातावर घेतलं, पोट दाबलं, दात बघितले. मग उताणं करून अंगठ्याने खालचा भाग जरा दाबला आणि चष्मा वर केला. “बाबूजी, हा मुलगा आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला? ये तो लड़की है.”

“लडकी?”

“पक्की. आणि बीमारी काही नाही. अकेली पडली, म्हणून खाणं सोडलं. पण अजून उपाशी राहिली तर मग माझ्याजवळ पण इलाज नाही.”

“सोबत आणली तर?”

“आजच आणा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिच्या घरात त्याला टाकू नका, आणि त्याच्या घरात हिला नका नेऊ. आपल्या जागेत दुसरं कोणी घुसलं की हे दात मारतात. तिसऱ्या जागी भेटवा, जिथे दोघांचाही वास नसेल. एकदा ओळख झाली की मग कुठेही राहतील.”

वसंतराव दवाखान्यातून निघाले ते घरी गेले नाहीत, थेट इतवाऱ्यात गेले. चालता चालता त्यांच्या लक्षात आलं की आपले खांदे आपोआप वाकले आहेत. मुलाकडचेपण परवा सकाळी आलं आणि आज संपलंही. पण वाईट वाटायला सवड नव्हती. टोपलीतून आवाज येत नव्हता, आणि ते दर चार घरांनंतर झाकण उघडून बघत होते. ते रंभाबाईंच्या बैठकीत शिरले आणि सतरंजीच्या कडेलाही बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, “आमची मुलगी आहे. चुकलं माझं. काल बुटकं म्हणालो, तेही चुकलं. आता कळवायला वेळ लावू नका.”

रंभाबाईंनी झोपाळ्याला एक झोका दिला. “मी तर पहिल्यांदाच म्हटलं होतं, मिशा पातळ आहेत. आणा इकडे तिला.”

“इथे नाही. डॉक्टर म्हणतात, ना तुमच्या घरी, ना आमच्या. तिसऱ्या जागी.”

रंभाबाई रागावतील असं वसंतरावांना वाटलं. पण रंभाबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “जानवसा म्हणता का? बरोबर आहे. मुलाकडच्यांना धर्मशाळेतच उतरवतात. शनवाऱ्यातली धर्मशाळा चांगली आहे, आमच्या थोरल्याच्या वेळी तिथेच होतो आम्ही. दुपारी येते मी.”

दुपारी त्या आल्या त्या टांग्यातून, रेशमी नऊवारी नेसून, अंगावर शाल घेऊन. मागे विमल खोकं मांडीवर घेऊन बसली होती. वसंतराव, मनकर्णाबाई, शारदा आणि पंडितभाऊ धर्मशाळेच्या ओवरीत आधीच येऊन थांबले होते. यादव डॉक्टर दवाखाना बंद करून उत्सुकतेने आले होते. रंभाबाई पायरीवर थांबल्या. आत येईनात.

“काय झालं?” वसंतरावांनी पंडितभाऊंना हळूच विचारलं.

“पाय धुवायचे असतात,” पंडितभाऊ कुजबुजले. “वरमाय आहेत.”

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांना पुढच्या महिनाभराचं घरचं वातावरण कळलं. मग शारदेकडे बघितलं. पोरीचे डोळे टोपलीवरून हलत नव्हते. मनकर्णाबाई उठल्या, तांब्या घेतला, आणि तोंड एका बाजूला फिरवून का होईना, रंभाबाईंच्या पायांवर पाणी घातलं.

ओवरीत डॉक्टरांनी ओलसर नसलेलं ताजं गवत पसरलं. “एकदम समोर सोडू नका. पहिले नुसता वास येऊ द्या. मधे काही आडवं धरा.”

“अंतरपाट,” पंडितभाऊ म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं दोन्ही हातांनी पसरून दोघांच्या मधे धरून बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या धंद्याला डॉक्टरी आधार मिळाला होता. त्यांनी मंगलाष्टकासाठी घसा साफही केला होता, पण डॉक्टरांनी तोंडावर बोट ठेवलं. एका बाजूला राजा कापडाला नाक लावून फुसफुसत होता. दुसऱ्या बाजूला गोटू लोकरीच्या गोळ्यासारखी पडून होती. जरा वेळाने तिचंही नाक हललं. शारदेने आईचा हात धरला.

“हं, आता काढा,” डॉक्टर म्हणाले.

उपरणं बाजूला झालं. राजाने गोटूभोवती एक फेरी मारली, केस फुलवले आणि दात कडकड वाजवले. वसंतराव गोटूला उचलायला पुढे झाले.

“मुलगा आहे, जरा रुबाब दाखवणारच,” रंभाबाई कौतुकाने म्हणाल्या.

डॉक्टरांनी राजाला अलगद उचललं, उताणं केलं, अंगठ्याने चाचपून बघितलं, आणि परत गवतात ठेवलं. “बाई, ही पण लड़की आहे,” ते म्हणाले.

रंभाबाईंनी शाल सावरली. वसंतरावांना वाटलं आपण हसावं, पण धीर झाला नाही. समोरासमोर बसले होते ते दोघंही मुलीकडचे. रुसायचं कोणी, समजूत काढायची कोणी, कोणाला कोणाचं ऐकून घ्यायचं, काहीच ठरलेलं नव्हतं. पंडितभाऊंनी इतकी लग्नं जमवली, पण अशी बैठक त्यांच्याही अनुभवात नव्हती.

“मग मी पाय कायले धुतले?” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“मले काय माहीत,” रंभाबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा बारीक झाला होता. “शेठ म्हणाले राजा, मी म्हटलं राजा.”

“मिशांवरून ओळखलं होतं ना तुमी?”

“आई,” शारदा म्हणाली. “नाना. बघा इकडे.”

राजाच्या तोंडात गवताची एक लांब पात होती. तिचं दुसरं टोक गोटूच्या तोंडात होतं. राजा ओढत होती आणि गोटू सोडत नव्हती. सकाळपासून मान न उचललेली गोटू पुढचे पाय रोवून उभी होती आणि ती पात थोडी थोडी करून आपल्याकडे खात आणत होती. पात संपल्यावर तिने राजाच्या तोंडाजवळची दुसरी उचलली. राजाने दात वाजवले नाहीत. नुसती तिला खेटून बसली आणि आपलीही काडी शोधू लागली.

वसंतराव खांबाला धरून खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. शारदा हसत होती. पडवीतलं ते हसू इतक्या माणसांत, उघड्यावर, त्यांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

ऊन उतरेपर्यंत सगळे तिथेच बसून राहिले. खरं तर काही बघण्यासारखं नव्हतं. दोन जनावरं गवत खात होती, झोपत होती आणि पुन्हा खात होती. तरी कुणी उठेना. शेवटी डॉक्टरांनी टोपी घातली. “आता ह्यांना वेगळं करू नका. एकाच घरी राहू द्या.”

“कोणाच्या?” पंडितभाऊंनी विचारलं.

लग्नात हा प्रश्न येत नाही. कोणी कोणाकडे जायचं हे आधीच ठरलेलं असतं. इथे तसा काही नियम नव्हता. वसंतरावांना शारदेकडे बघवेना. शारदेनेच मान वर केली. “तुमच्याकडे न्या,” ती रंभाबाईंना म्हणाली. “ती खाऊ लागली, एवढं पुरे आहे.” एवढं बोलून ती टोपलीची दोरी सोडवत बसली.

रंभाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. बघण्यात त्या पटाईत होत्या. चार सुना त्यांनी बघून आणल्या होत्या, पण ह्या वेळी काही ठरवायचं म्हणून त्या बघत नव्हत्या. “माझं घर भरलेलं आहे, पोरी,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडेच राहू दे दोघी.”

त्यांनी राजाला उचललं आणि टोपलीत ठेवलं, पण हात लगेच बाहेर काढवेना. “गाजर बारीक करून देत जा. दव पडलेलं गवत नको, पोट फुगतं तिचं. मोठ्यानं बोललं की घाबरते. आमच्याकडे सारेच मोठ्यानं बोलतात, तरी घाबरते.” एक सूचना संपली की दुसरी आठवत होती. टोपलीला झाकण लागलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग वसंतरावांच्या समोर येऊन हात जोडले. “लहान जीव आहे. काही चुकलं तर सांभाळून घ्या.”

हे वाक्य वसंतरावांनी शारदेसाठी मनात कितीदा घोळवून ठेवलं होतं. म्हणायची वेळ अजून आली नव्हती. ते आपल्याला कुणी म्हणेल असं तर त्यांना कधी वाटलंच नव्हतं. मुलाकडचे अशा वेळी नुसती मान हलवतात आणि गाडीकडे बघतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. ते त्यांच्याने झालं नाही. त्यांनी टोपली मनकर्णाबाईंच्या हातात दिली आणि आपणही हात जोडले.

“माहेरी कधी आणाल तिला?” रंभाबाईंनी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेव्हा. दर आठवड्याला आणू, दोघींना.”

“इतक्या लगेच हो म्हणता?”

“त्यात विचार काय करायचा? तुम्हाला आठवण येणार, तिलाही येणार.”

पायरीवर रिकामं खोकं घेऊन उभ्या असलेल्या विमलच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कशाचा, ते वसंतरावांना कळलं नाही.

“काय झालं तुले?” रंभाबाई वळल्या.

“काही नाही, सासूबाई,” विमल खोक्यातलं गवत सारखं करत म्हणाली. “माहेरी जायचं इतकं सोपं असतं हे ठाऊक नव्हतं. माझं माहेर, चांदनी, तर गाडीनं घटकाभरही नाही.”

पंडितभाऊ घडी घातलेल्या उपरण्याची पुन्हा घडी घालू लागले. टांगेवाल्याने दोनदा खाकरून पाहिलं, तरी रंभाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या सुनेच्या हातातल्या रिकाम्या खोक्याकडे बघत होत्या.

“पंडितभाऊ,” त्या म्हणाल्या, “सकाळची चांदनीची गाडी किती वाजता असते?”